झाडाला पाठ टेकून

हाँगकाँग,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

पाया पडते.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. हे वाक्य लिहून खोडणार होते, पण पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून राहू दिलं. तुमची तब्येतही ठीकच असेल. तुम्हाला कधीही विचारलं तरी तुम्ही तेवढंच म्हणता.

फोन करण्यात अर्थ नाही हे परवा कळलं. शेजारच्या मंदाबाईनं फोन स्पीकरवर ठेवला, मी इकडून ओरडले, ती तिकडून तुमच्या कानात ओरडली, आणि अख्ख्या गल्लीला कळलं की दामिनीला हाँगकाँगात पोट बिघडलं होतं. म्हणून हे कागदावर. पानांचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवते. दोन बोटांनी मोठं करून वाचा आणि मंदाबाईला देऊ नका. पुढे काही गोष्टी आहेत.

समुद्र पाहिला, बाबा. आपल्याकडच्या तलावांसारखा तो एका जागी बसत नाही. दोन्ही बाजूंना इमारती आणि मध्ये खाडी, आणि त्या खाडीत बोटींची अशी गर्दी की मंडईच्या जत्रेतले पाळणे बरे. रस्ते सगळे चढाचे. आम्ही एका हॉस्टेलात राहतो. एका खोलीत आठ जणांचे पलंग, खालीवर. माझ्या वर रोशन झोपतो. दोन वर्षांपूर्वी पाठीवर पिशव्या घेऊन आलेलं ते परदेशी जोडपं आठवतं ना, ज्यांना आपल्या नागझिऱ्यात वाघ नाही पण अस्वल दिसलं? तसेच आता आम्ही फिरतो आहोत. भात मिळतो, पण चिकट. जवसाची चटणी संपत आली.

तुम्ही म्हणाला होतात, समुद्रच पाहायचा तर मुंबई काय वाईट होती. मुंबईत आत्या आहे, बाबा, आणि आत्याकडे प्रश्न आहेत.

प्रश्न तुमच्याकडेही होता. निघायच्या सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होते आणि तुम्ही ओट्यावरून विचारलं, "गडचिरोलीत खोली पाहाची हाये त दोघाची का एकीची?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. घरात एकाचे कान गेले की बाकीच्यांचीही सोय होते.

रोशनसुद्धा तिथेच उभा होता. त्यालाही ऐकू आलं नाही.

आधी मंगळवारची गोष्ट सांगते.

मंगळवारी सकाळी पाऊस होता. खाडीच्या या काठावरून त्या काठावर फेरीबोट जाते, दहा मिनिटांचं अंतर. आम्हाला पलीकडे जायचं होतं. धक्क्यावर गर्दी होती आणि त्या गर्दीत आमची चुकामूक झाली. मी बोटीत चढले, रोशन मागे राहिला. बोट सुटल्यावर मला कळलं. मी पलीकडे उतरले आणि फाटकासमोरच्या खांबाला पाठ टेकून उभी राहिले.

काऊन उभी राहिले, ते तुम्हाला सांगायला नको. मी नऊ वर्षांची होते, जंगलात मोहफुलं वेचताना तुमच्यापासून तुटले आणि रडत सैरावैरा पळाले. सापडल्यावर तुम्ही आधी एक चापट दिली आणि मग शिकवलं: "चुकली का हालाचं नाही. जिथं आहे तिथं झाडाले पाठ लावून उभी राहाय. मी येतो." पुढे दोनदा चुकले, दोनदा उभी राहिले, दोनदा तुम्ही आलात.

एक बोट आली. माणसं उतरली. मी एकेक चेहरा पाहिला. गाईडची नजर आहे, बाबा, गवतातला कान दिसतो मला. नवरा चुकला नसता. दुसरी आली. तिसरी. पाचवीनंतर मोजणं सोडलं. पाऊस थांबला, परत आला. हा पाण्यात तर पडला नाही? पोलिसांनी अडवलं का? याला हॉस्टेलचं नाव तरी सांगता येईल का? त्याचं इंग्रजी म्हणजे 'टायगर', 'पगमार्क' आणि 'प्लीज नो नॉइज'. त्यावर हाँगकाँगात किती पुढे जाणार? मग वाटलं, तो मुद्दाम येत नाहीये. हा विचार एकदा शिरला की बाकीची भीती बाजूला होते आणि नुसता राग उरतो. तास झाला. दीड तास झाला. फोन हट्टानं लावला नाही. मनात म्हणत होते, ये ना. एवढं तर कर. मला शोधायला एकदा तरी ये.

आता खरं लिहिते.

गर्दीत चुकामूक झाली नव्हती. मी पुढे निघून गेले होते.

धक्क्यावर एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं आमचा फोटो काढून दिला आणि हसून विचारलं, हनिमून का? रोशननं तिला सांगितलं, "नो मॅडम, लास्ट ट्रिप." बाईला काही कळलं नाही, मला कळलं. मी पिशवी उचलली आणि फाटकातून आत गेले, मागे न पाहता. मला वाटलं, येईल धावत.

लास्ट ट्रिप हे खोटं नाही, बाबा. एक ऑक्टोबरला मला गडचिरोलीला वनरक्षक म्हणून हजर व्हायचं आहे, हे तुम्ही आमच्याहून आधी गावभर सांगितलंत. परीक्षा आम्ही दोघांनी दिली होती आणि रोशन धावण्यात मागे पडला, हेही तुम्हाला माहीत आहे. हे माहीत नाही की निकालाच्या दिवसापासून आम्ही नीट बोललो नाही. धानाच्या रोवण्यात दोघं एका बांधीत वाकलेलो असायचो आणि बोलायचो ते रोपांच्या पेंढ्यांबद्दल. जुलैत एकदा जेवताना ठरलं, की मी एकटी जाईन, तो गावात राहील, पावसाळ्यानंतर जंगल उघडलं की गाईडचं काम करेल, आणि मग 'पाहू'. त्या पाहूचा अर्थ दोघांनाही माहीत होता. सोडचिठ्ठी हा शब्द कोणी उच्चारला नाही, एवढंच. सासूबाईंना वाटतं आम्ही नातवाची बातमी घेऊन येऊ. आम्ही इकडे निरोप घ्यायला आलो होतो. भांडण नाही, मारझोड नाही, दारू नाही. मी म्हणत नव्हते 'चल' आणि तो म्हणत नव्हता 'येतो'.

अडीच तासांनी मला भूक लागली. काही खावं म्हणून पिशवी उघडली. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, पावसात जंगलात जाताना सगळ्यांचं सामान एका प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून एकाच पिशवीत ठेवायचं. पन्नी वर आली. तिच्यात रोशनचा पासपोर्ट होता. रोशनचा फोन होता. पाकीट होतं, आणि बोटीच्या फाटकाला लावायचं त्याचं कार्ड.

बाबा, त्याच्याजवळ एक छत्री सोडून काही नव्हतं. तो येऊच शकत नव्हता. त्याचं सगळं माझ्या पिशवीत होतं आणि मी अडीच तास त्याची वाट पाहत त्याला शिव्या देत होते.

परतीच्या बोटीत मी बसले नाही. पुढच्या दांडीला धरून उभी होते. आता तो तिथे नसला तर, हा एकच विचार. अडीच तास कोण उभं राहतं अनोळखी गावात? त्यानं कोणाला विचारलं असेल, कोणीतरी कुठेतरी नेलं असेल. पासपोर्टाशिवाय माणूस सापडला तर इथे काय करतात तेही मला माहीत नाही.

तो तिथेच होता. फाटकाच्या उजवीकडच्या खांबाला पाठ लावून, गुडघ्यापर्यंत भिजलेला, छत्री मिटून काखेत. तुम्ही त्याला गाईडच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तसाच.

मी म्हटलं, "काऊन नाही आला?"

"कायनं येऊ? कार्ड तुह्या पिशवीत, फोन तुह्या पिशवीत. बाबानं सांगतलं हाये, चुकला का हालाचं नाही. नाही हाललो."

"मंग कोणाले मांगाचं होतं ना!"

"एक बाई पैसे देऊन राहिली होती तिकिटाचे. नाही घेतलो."

"काऊन?"

"तू तिकडून निंगाली असती अना मी इकडून, त? बीच समुद्रात बाय बाय केलो असतो का?"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं, तिथेच, लोकांसमोर. तो घाबरला. रडणारी बाई पाहिली की तो अजूनही रुमाल शोधतो, आणि रुमालही माझ्याच पिशवीत होता.

बाकावर बसलो. मी म्हटलं, "गडचिरोलीले चालतोस का माह्यासंग?"

त्यानं भिजलेली छत्री बाकाखाली ठेवली. मग म्हणाला, "आदी काऊन नाही म्हणली?"

"तू काऊन नाही विचारला?"

"मी नापास मानूस. कोनत्या तोंडानं विचारू, मले बी ने म्हनून?"

सहा महिने मी समजत होते की त्याला यायचं नाही. माझा पगार, माझी वर्दी त्याला खुपते, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. थोडी खुपतही असेल. पण तो उभा होता तो बोलावण्याची वाट पाहत, आणि मी उभी होते तो शोधत येईल म्हणून. तुमचे दोन शिष्य, बाबा. दोघं आपापल्या झाडाला पाठ लावून, आणि शोधायला कोणीच निघालेलं नाही.

मी पन्नी उघडली. त्याचा पासपोर्ट, फोन, पाकीट, कार्ड, सगळं त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "हे तुह्यं. आता याचं असंन त ये, नाही त तुही मर्जी." आणि फाटकाकडे चालू लागले. जंगलात आम्ही दर वीस पावलांना मागे वळून माणसं मोजतो. मी वळले नाही. हे रागानं नाही. वळले असते तर माझ्या तोंडाकडे पाहून तो आला असता.

माझं कार्ड लावलं, फाटक वाजलं, मी आत गेले. चार पावलं गेले असेन. इतकी लांब चार पावलं मी कधी चालले नाही. मग मागे पुन्हा फाटक वाजलं.

तेव्हा वळून पाहिलं. कोणी दुसराच असला तर म्हणून. तोच होता.

म्हणजे सगळं मिटलं असं समजू नका. तो तिथे काय करेल, त्याच्या घरचा धान कोण पाहील, सासूबाई काय म्हणतील, काहीच ठरलेलं नाही. काल रात्रभर तो वरच्या पलंगावर कूस बदलत होता आणि मी खाली मोजत होते. मला अजून भीती वाटते. पण तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देते: खोली दोघांची पाहा.

आता आईचं.

तिचा सोमवारी फोन आला होता. मामाकडे बरी आहे म्हणाली. तिरोड्याचं पाणी तिला मानवत नाही, हे तिनं तीनदा सांगितलं. तुम्ही जेवता का, हे चारदा विचारलं. जानेवारीपासून आठ महिने झाले. ती गेली तेव्हा काय म्हणाली ते तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. ती म्हणाली, "भिंतीसंगच बोलाचं हाये त माह्या भावाच्या घरी का भिंती कमी हायेत?" आणि तुम्ही मामाला सांगितलं, आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल.

मी मंगळवारपर्यंत तुमच्या बाजूनं होते, बाबा. मलाही वाटायचं, बस आहे, रस्ता आहे, येत का नाही. आता वाटत नाही. चितळाची हाक ऐकू येईना म्हणून तुम्ही जंगलातलं काम सोडलंत, तेव्हा तुम्हाला काय झालं ते मी पाहिलं आहे. त्या कानाच्या यंत्राची लाज वाटते, तेही समजतं. पण ते यंत्र भिंतीच्या दिवळीतल्या डबीत पडून आहे. आईला परत यायला जे लागतं ते त्या डबीत आहे. ती कशानं येणार?

तुम्ही मला उभं राहायला शिकवलंत, ते खरंच आहे. पण मी सापडायचे ती उभी राहिल्यामुळे नाही. तुम्ही निघायचात म्हणून सापडायचे.

आम्ही रविवारी दुपारपर्यंत घरी पोहोचू. शनिवारी सकाळी साडेनऊला तिरोड्याची बस आहे. यंत्र कानात घालून जा, खिशात ठेवून नको. मामाच्या दारात काय बोलायचं ते सुचणार नाही, तर बोलू नका. आधी तिचं ऐका.

रविवारी मी दाराची कडी वाजवीन, हळू. कोण उघडतं ते पाहीन.

झाडाखालून निघालेली,
तुमची
दामिनी