भट्टीजवळचा हंडा

विद्यानगर, हुबळी
ता. ७ नोव्हेंबर १९९९

ती. स्व. गुरुअण्णास,
दीपश्रीचा सा. न. वि. वि.

चुरमुऱ्यांची पिशवी पोचली. खोलीतल्या मुलींनी कांदा-मसाला कालवून गिरमिट केलं आणि लगेच संपवलं. आपल्या भट्टीला गॅसिफायर बसवून पंधरवडा झाला. लाकूड कोंडून, कमी हवेत तापवायचं आणि निघणारा गॅस जाळायचा, एवढीच युक्ती. पण तेवढेच चुरमुरे निम्म्या लाकडात होतात म्हणून आमचे प्रकल्पाचे सर खूश आहेत. हवेत कार्बन कमी, तुझा खर्चही कमी! डिसेंबरात धारवाडच्या चर्चासत्रात मी अहवाल वाचणार. तो पटला तर तालुक्यातल्या भट्ट्यांना हे यंत्र मिळेल आणि त्या कामावर मला नेमतील. खरं सांग, कुठं काही अडत नाही ना?

लोभ आहेच, माझ्या उपदेशांनी तो आटू नये.
तुझी,
दीपू

कलघटगी
ता. १५ नोव्हेंबर

चि. दीपूस अनेक उत्तम आशीर्वाद.

घरातली पहिली ग्रॅज्युएट विचारते म्हणून सांगतो. यंत्र झकास आहे. धूर नाही, त्यामुळे तुझ्या वहिनीचा खोकलाही गेला. अडलंय ते शेजारच्या वेणूबाईंचं. जुन्या भट्टीच्या तोंडाशी आपला तांब्याचा हंडा असायचा आणि पहाटे सगळी गल्ली त्यातलं पाणी आंघोळीला न्यायची, हे तू विसरलीस आणि मीही. नव्या भट्टीचं तोंड बंद, हंडा गार. आता घरोघरी चुली पेटतात. वेणूबाई आपल्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणतात, की पोरगी शिकली आणि गल्ली पारोशी राहिली.

तू हे अहवालात घालू नकोस. तुला भट्टीचं विचारलंय, आंघोळीचं नाही. तुझ्या वहिनीचं मत उलटं आहे. ते ती स्वतः लिहिणार म्हणते, म्हणजे लिहिणार नाही.

जपून राहा, वेळेवर जेव.
तुझा,
गुरुअण्णा

विद्यानगर, हुबळी
ता. २९ नोव्हेंबर

ती. स्व. अण्णास सा. न. वि. वि.

रविवारी मी येऊन घरोघरी चुलीपुढची लाकडं तोलत हिंडले, ते तुला आवडलं नाही. पण भट्टीत वाचलेलं लाकूड जवळजवळ सगळं त्या चुलींत जळतंय. धूर कमी झाला नाही, नुसता बिऱ्हाड बदलून राहिला. सरांनी आकडे पुन्हा तपासले आणि म्हणाले, असंच लिही. लिहिलं आहे. नेमणूक बहुधा गेली. रडूनही झालं.

रडताना एक आठवलं. वहिनी ओलं फडकं भट्टीच्या चिमणीवर टाकते आणि ते क्षणात वाळतं. तो ताप फुकट आकाशात जातोय! परशुराम तांबटाला सांगून चिमणीभोवती हंडा बसवशील का? भट्टी थोडे दिवस बंद ठेवावी लागेल. नाही म्हणालास तरी रागावणार नाही. (हे खोटं आहे.)

तुझी,
दीपू

कलघटगी
ता. १६ डिसेंबर

चि. दीपूस आशीर्वाद.

आईचा हंडा कापायला परशुरामाचा हात होईना, म्हणून त्यानं नवा घडवला. परवापासून पहाटे पुन्हा रांग लागते. चुली बंद झाल्या. चुरमुऱ्यांच्या काट्यावर मीच लाकूड तोललं: पाण्यासाठी भट्टी पहाटे लवकर पेटवावी लागते, म्हणून निम्मं नाही, पण एक तृतीयांश वाचतं. हे मात्र अहवालात घाल. वेणूबाई म्हणतात, आधीचं पाणी जास्त कढत होतं. आणि दोन बादल्या नेतात.

तुझा,
गुरुअण्णा

धारवाड
ता. २१ डिसेंबर

ती. स्व. अण्णास सा. न. वि. वि.

तिन्ही हिशोब वाचले: भट्टीचा, गल्लीचा, हंड्याचा. यंत्राबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही, सगळे हंड्याचं विचारत होते. अण्णा, जानेवारीपासून मला कामावर घेतलं! पहिलं काम हे, की कुठल्याही भट्टीवर यंत्र नेण्याआधी पहाटे तिथं जाऊन उभं राहायचं आणि बादली घेऊन कोण येतं ते पाहायचं.

वेणूबाईंना सांग, पाण्याचं बघते. तोवर तुम्हा सर्वांचा लोभ तरी त्या हंड्यापेक्षा जरा कढत असू दे.

तुझी,
दीपू