वरच्या खोलीचा झरोका

प्रिय पंचशीला,

जयभीम. पत्र बघून हसू नको. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, लागतील तशी वाच. फोनवर बोलले असते, पण फोन हॉलमध्येच लागतो आणि तिथे पप्पा बसलेले असतात.

तुझी वरची खोली झाली. पहिलं बाळंतपण माहेरीच, मग मे महिन्यात तू त्या उतरत्या टीनखाली झोपणार, याची घबराट मला जानेवारीपासून. खाली हॉल सोडला तर एकच खोली, तिथे पप्पांची खाट. म्हणून टीनची गरमी अडवायला खालून ग्लासवूल लावून घेतली. गादीच्या कापसासारखी दिसते, वरून चांदीसारखा कागद. मी हात लावला तर दोन दिवस कोपरापर्यंत खाज. बाळकृष्ण मिस्त्री म्हणे, मौसीजी, ये देखने की चीज है, छूने की नहीं. मेला दात काढतो. त्याखाली पांढऱ्या पट्ट्यांची सीलिंग ठोकली. काल भर दुपारी मी दार लावून अर्धा तास वर बसून पाहिलं. बहुत फरक आहे. तरी मी पदराने मान पुसतच होते. घाम नव्हता.

मानपूरहून गयाबाई आत्या आली आहे, सोबत शेगडी घेऊन. मिस्त्रीने भिंतीत उंचावर, छताला लागून एक झरोका ठेवलाय, गरम हवा निघायला. आत्या जिन्यातूनच ओरडली, बाळंतिणीला वारा लागेल, बुजवा तो. आणि मी मिस्त्रीला म्हणाले, कर दो बंद. माझ्याच तोंडून निघालं. त्याने थर्माकोल कापून बसवलासुद्धा. मी खाली उतरायला लागले आणि पाचव्या पायरीवरच बसले. मग परत वर जाऊन चाकूने तो थर्माकोल उकरून काढला. मिस्त्री म्हणाला, मौसीजी, आपका कुछ समझ में नहीं आता. त्याला काय सांगू?

तुला सांगते. तुझ्याआधी एक मुलगा होता. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच सासरी, वरच्या त्याच खोलीत. मे महिना. आत्याने खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, खाटेखाली शेगडी, बाळाला टोपरं आणि वर दोन दुपटी. ती वाईट नाही गं, तिलाही तेच शिकवलेलं. बाळ तव्यासारखं तापलं होतं. मला कळत होतं. एकोणीस वर्षांची होते, तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी गेलं. नावही ठेवलं नव्हतं. पप्पा तेव्हापासून वर झोपले नाहीत, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

छताची भीती आता गेली. माझी मलाच वाटते. इतकी वर्षं झाली, घरात सगळ्यांना मी दटावते, आणि आत्या एकदा ओरडली तर मी पुन्हा तीच एकोणीसची. म्हणून हे लिहिलं. तू ये. हे जावईबापूंनाही वाचून दाखव. मी खिडकी लावायला उठले तर आई आहे म्हणून गप्प बसू नको. माझा हात धर, सगळ्यांसमोर ओरड. मला राग येईल. येऊ दे. खिडकी उघडीच ठेव.

तुझीच, वाट बघणारी
आई