हिरव्या खणाची पिशवी

आप्पा, आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मान आणि खांद्याच्या मध्ये रबरी चेंडू, आणि मी खाली-वर सरकतेय. शेजारची मिसळवाली वाकून आत बघत म्हणाली, "काय वो ताई, खाज सुटलीया व्हय?" ब्लाऊज शिवून शिवून माझे खांदे लाकूड झालेत. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण म्हणते, नुसत्या शेकानं भागणार नाही, नुसत्या दाबण्यानंही नाही. आधी शेक, मग चेंडू, मग कान खांद्याकडं नेत मान हळूच ताणायची, सगळं एकामागं एक. मला हसूच फुटलं. एवढी शिकलेली पोरगी शेवटी तुमच्याच वाटेनं आली की!

तुमच्याकडं चेंडू नव्हता, दोऱ्याचं लाकडी रीळ होतं. जुन्या धोतराची चौघडी खांद्यावर, तिच्यावर कोमट इस्त्री, मग रीळ आणि भिंत, मग मान ताणायची आणि सगळ्यात शेवटी तिळाचं तेल. मी तेव्हा तुमच्या दुकानात शिकाऊ म्हणून नुकती मशीनवर बसायला लागले होते. तुमचा दम एकच, "गिऱ्हाइकाचं कापड खराब केलंस तर मशिनीवरनं उठवीन." माझाही खांदा ठणकायचा, पण सांगितलं तर मशीन सुटेल म्हणून गप्प. एकदा तुम्ही चहाला गेलात आणि मी घाईघाईनं तुमचा उपाय केला, तोही उलटा. तेल आधी चोपडलं, धोतर सापडेना म्हणून टेबलावरची हिरवी घडी उचलली, आणि वरून इस्त्री ठेवली. तो गिऱ्हाइकाचा खण होता. तळहाताएवढा डाग पडला.

संध्याकाळी त्या बाई आल्या. मी सुईत दोरा ओवत बसले, दोरा काही जाईना. तुम्ही खण उलगडलात, डागावर बोट फिरवलंत. "वहिनी, चूक माझी हाय. माझा तेलाचा हात लागला असंल. नवा खण आणून शिवून देतो."

"असूंद्या की आप्पा, त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी, दुकानात तेल नको म्हणून, तेलाची बाटली घरी गेली, मागोमाग रीळही. त्यानंतर दुकानात तुम्ही नुसते खांदा धरून बसायचात, आणि मला ते बघवायचं नाही. डागाळलेल्या खणाची तुम्ही पिशवी शिवलीत, तांदूळ भरलेत आणि माझ्या मांडीवर टाकलीत. "तव्यावर गरम कर, खांद्यावर ठेव. मशिनीवर बसल्यावर खांदा धरतोच."

तांदूळ कितीदा बदलले, पिशवी तीच आहे. डॉक्टरीण परवा विचारत होती, कुठं मिळते अशी?

हे मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितेय, तिथंच राहील. तो डाग माझा होता, आप्पा. तुम्हाला ते ठाऊक होतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललेय. तुम्ही होतात तोवर विचारायचं मात्र धाडस झालं नाही.