आठ अंश

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

एवढं लिहून अर्धा तास नुसती बसलेय. सहा वर्षांनी लिहिताना विनंती कोणती आणि विशेष काय, माझं मलाच उमजत नाही. तर आधी खुशाली. आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुझं पंपदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय असं मावशीकडून कळलं. वहिनींना नमस्कार.

प्रयोगशाळेत प्रमुख म्हणून नवीन बाई आल्यात. तुझं बंद पडलेलं काम त्यांनी पुन्हा काढलंय. ध्वनीच्या अडीचपट वेगाने धावणाऱ्या हवेत, धातूच्या पाटीतल्या बारीक भोकातून वायूची धार सोडायची आणि ती किती उंच जाते ते बघायचं. हवा अजून तशीच खाष्ट आहे. धारेने जरा डोकं वर काढलं की तिला आडवी करते.

बाईंनी मला भोक तिरकं पाडायला सांगितलं. धार वाऱ्याच्या अंगावर गेली पाहिजे, आठ अंश, जमेल ना? मी म्हटलं, जमेल. गुरुवारी दाबाच्या हवेची टाकी भरली, नऊ सेकंद वारा सोडला आणि पडद्यावर फोटो आला. सरळ भोकापेक्षा धार दुप्पट उंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा, तो तुझा फोटो होता. ज्याच्यावरून तुला खोटारडा ठरवलं, अगदी तोच.

मग मी सामानाच्या खोलीत जाऊन तुझी जुनी पाटी शोधून काढली आणि भोक मोजलं.

वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. पाटी शोधावी लागली नाही. सहा वर्षं ती माझ्याच खणात, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली होती.

तुझी पाटी केली त्या दिवशी ड्रिलिंग मशीनचं टेबल आधीच्या कामासाठी कललेलं होतं. ते सरळ करायचं मी विसरले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तोवर पाटी बसवून झाली होती. म्हटलं, मिलिमीटरभर भोक, त्याने काय होतंय? मग तुझे आकडे आले, तुझं कौतुक झालं, मी पेढ्यासारखी गोड हसत फिरले. पुढे दुसऱ्या पाटीवर तसे आकडे येईनात आणि चौकशी बसली. भोक सरळ होतं का, मला विचारलं. मी म्हटलं, काटकोनात. जुनी पाटी कुठे आहे? म्हटलं, भंगारात गेली. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. पण खरंच त्यासाठी बोलले, की नुसती घाबरले, ते आजही सांगता येत नाही.

काल पाटी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा मोजलं. आठ अंश. म्हणाल्या, "उद्या-परवा लेखी द्या. तुमच्या दादांना मी स्वतः कळवते." माझ्या नोकरीचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

निघताना त्यांनी सहज विचारलं, दादा पाटी बसवण्याआधी भोक तपासत नसत का? तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय. तू प्रत्येक भोक भिंगाखाली धरायचास. मला राग यायचा, जणू मी भोक नाही, गुन्हा पाडलाय. आणि चौकशीत मी 'भंगारात' म्हटल्यावर तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "राहू दे. आकडे माझे, जबाबदारी माझी."

तुला माहीत होतं का रे?

नसेल तर मी तुला फसवलं. असेल तर सहा वर्षं तू माझी नोकरी सांभाळलीस, आणि मी इथे रुसून बसले, की दादा साधं पत्र टाकत नाही. यातलं कोणतं बरं, मला ठरवता येत नाही. लहानपणी काच मी फोडली की तू पुढे होऊन 'मी फोडली' म्हणायचास. पण ती काच होती, दादा.

हो किंवा नाही, एवढंच लिही. उत्तर काहीही असलं तरी माझा कागद उद्या सकाळी बाईंकडे जातोय. त्यात पहिलंच वाक्य आहे, मी फोडली.

तुझी
ठमी