बॅकवॉटर ८७ ची चौथी मेंबर

१ डिसेंबर, रविवार. भोर.
आजपासून रोजनिशी. शाळेतही लिहायचे, पण पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी सिस्टर वह्या वाचायच्या, त्यामुळे बारा वर्षांत एकही खरं वाक्य लिहिलं नाही. आता वाचणारं कोणी नाही. म्हणून सगळं खरंच लिहिणार.

कारण तसं खास काही नाही. आज आमच्या ऑर्केस्ट्रातल्या, गिटारवाल्या आनंदचा मुलगा आला होता.

सौमित्र नाव. वय सत्तावीस. दारात उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, बाबांच्या कपाटात एक कॅसेट सापडली, तिच्यावर लिहिलंय ‘मूनलाइट ऑर्केस्ट्रा, भोर, १९८७. कीबोर्ड: सुलक्षणा.’ त्या तुम्हीच ना? मी म्हटलं, असेन. हे जरा तुटक झालं, पण हातात दुधाचं पातेलं होतं.

तो कीबोर्ड अजून आहे का, असं त्याने विचारलं. आहे. १९८८ मध्ये आनंदची बँकेतून नागपूरला बदली झाली तेव्हा तो म्हणाला होता, महिनाभर ठेव तुझ्याकडे, येतो न्यायला. मी काही वाट पाहत बसलेली नाही. दर दिवाळीला फक्त कव्हर धुते. ती स्वच्छतेची सवय, कॉन्व्हेंटची.

८ डिसेंबर, रविवार.
सौमित्र पुन्हा आला, बरोबर सई आणि कुमार. तिघांचा बँड आहे. सई गाते, कुमार इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवतो, सौमित्र बाकी सगळं, म्हणजे लॅपटॉप. नाव ‘बॅकवॉटर ८७’. बॅकवॉटर म्हणजे आपलं भाटघर धरणाचं. ८७ कुठून आलं ते मी विचारलं नाही. कळलंच.

ते जे वाजवतात त्याला सिंथवेव म्हणतात. सईने समजावलं. ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरचा आवाज, गुलाबी-निळे दिवे, संध्याकाळचा रिकामा रस्ता, आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटणं. मी विचारलं, तुमचं काय हरवलंय? तेव्हा तुमचा जन्मही नव्हता. ती म्हणाली, तेच हरवलंय ना मावशी. मुलगी गोड आहे. केस मात्र जांभळे.

आठ फेब्रुवारीला भोरमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे, शाळेच्या हॉलमध्ये. त्यात आनंदचा तो जुना तुकडा वाजवायचा आहे, कॅसेटवरचा, आमच्या या कीबोर्डच्या आवाजात. आनंद पुण्याहून येणार आहे ऐकायला.

मी एवढंच म्हटलं, विचार करून सांगते. ते फाटकापर्यंतही पोचले नव्हते, तेव्हा खिडकीतून सांगितलं, हो.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून रियाज. साखर बंद. आनंदचा विचार फक्त संगीताच्या संदर्भात.

९ डिसेंबर, सकाळी ८.
आठला उठले. थंडी फार.

१४ डिसेंबर, शनिवार.
माझी ऑडिशन झाली. सौमित्रने ऑडिशन हा शब्द वापरला नाही, संकोची आहे, बापावर गेलाय.

कीबोर्डमधून एक वायर लॅपटॉपला जोडली आणि म्हणाला, मावशी, एकेक पट्टी दाबा, आठ सेकंद धरा, सोडा, मग आवाज पुरता विझेपर्यंत कोणी हलायचं नाही. एकोणपन्नास पट्ट्या. तेही कीबोर्डमधल्या तीन वेगवेगळ्या आवाजांत. मी म्हटलं, काही वाजवून नको का दाखवायला? तो म्हणाला, नाही, मला एकेक सूरच हवाय, सुटा. आजवर माझा टच इतक्या बारकाईने कोणी तपासला नव्हता. सिस्टरांनीसुद्धा नाही.

अंबूबाईने फार व्यत्यय आणला. तेविसाव्या पट्टीला तिने मोरीत तांब्या आपटला. सौमित्र म्हणाला, आजी, जरा शांत बसाल का? अंबूबाई म्हणाली, आरं बाबा, वायरीतनं आवाज जातुया, माजा तांब्या कुठं वायरीत शिरला? तरी त्याने ती पट्टी पुन्हा घेतली. मग ती मला म्हणाली, बाई, ह्ये काय चाललंय? वासराला दावं लावल्यावानी येकच सूर धरून बसलाय सकाळधरनं. अंबूबाई उत्रोलीची. वीस वर्षं माझ्याकडे कामाला आहे. संगीताचा कान नाही तिला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या झाल्या. सौमित्र म्हणाला, मावशी, तुमचा आख्खा कीबोर्ड आता माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. किती आदराने म्हणाला. मी म्हटलं, जपून ठेव हो.

२५ डिसेंबर, बुधवार.
नाताळ. केक केला. मुलं येतील म्हणून. पुण्याला होती. अंबूबाईला दिला. ती म्हणाली, ग्वाड हाय पर मधी कच्चा हाय.

बँडचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे असं कळलं. मी त्यात नाही. सौमित्रला फोन केला तर म्हणाला, मावशी, तुम्हाला उगाच नोटिफिकेशनचा त्रास. किती विचार करतो.

साखर पुन्हा सुरू, पण फक्त सणापुरती.

५ जानेवारी, रविवार.
पासलीला गेलो व्हिडिओ काढायला. वेल्ह्याच्या पुढे चढ सुरू झाला आणि टेम्पोत मी कीबोर्ड मांडीवर धरून बसले. कुमारचं घर तिथे. भाताची खाचरं रिकामी, नुसते सड उभे. त्यात मधोमध स्टँडवर कीबोर्ड ठेवला, मागे डोंगर. नंतर कॉम्प्युटरवर आकाश गुलाबी करणार आहेत.

कुमारची आजी ठकुबाई बांधावर बसून बघत होती. कुमारने मोबाईलवर गाणं ऐकवलं. ती म्हणाली, ना ढोल, ना ताशा, फ्रिजमदी मांजर आडकल्यावानी काय ह्ये? कुमार म्हणाला, आजे, हे फ्युचर हाय. ती म्हणाली, मंग येऊ दे सावकाश, मला न्हाई घाई. सगळे हसले. मीही हसले, पण बँडची मेंबर म्हणून जरा कमी.

मग मला म्हणाली, तुमी पोरांच्या मास्तरीण का? मी म्हटलं, नाही, मी वाजवते. तिने माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, ह्या बोटांनी? तेल लावत जा, बाई. संधिवात नाही मला. थंडी आहे.

फोटोंत मी नाही. फ्रेममध्ये फक्त कीबोर्ड हवा होता, म्हणून मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. तसं कुणीतरी कॅमेऱ्यामागे उभं राहून नीट बघायलाही हवंच की.

१९ जानेवारी, रविवार.
पहिली पूर्ण रिहर्सल. सविस्तर लिहिणार नाही.

थोडक्यात: हे लोक क्लिकवर वाजवतात. कानात इअरफोन घालायचा, त्यात टिकटिक चालू राहते, सगळ्यांनी तिच्या बरोबर चालायचं. मला ती कुकरच्या टायमरसारखी वाटली. मी इअरफोन काढला. आम्ही आनंदच्या मानेकडे बघून वाजवायचो. तो मान जरा डावीकडे कलती करायचा, की मी सुरू करायचे. तसं सौमित्रला सांगितलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा मी कुठे आणि ते कुठे. मी भावनेवर चालते, हा मूळ फरक आहे.

चहाच्या वेळी तिघं बाहेर पायरीवर हळू बोलत होते. सई म्हणत होती, अरे पण मावशींना कसं सांगायचं? बहुतेक सोलो कुणाला द्यायचा यावर चर्चा असावी. मग सौमित्र आत आला, माझ्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, मावशी, तुम्ही स्टेजवर असणारच. ते पक्कं. बाकीची काळजी माझ्यावर सोडा.

डोळ्यांत पाणी आलं. धुळीमुळे.

२ फेब्रुवारी, रविवार.
सहा दिवस उरले. निळी सिल्कची साडी काढली. ८७ साली आंबवड्याच्या जत्रेत आमचा कार्यक्रम झाला तेव्हा हीच नेसले होते, आनंद तेव्हा म्हणाला होता, स्टेजवर लांबूनही कळतं तू कुठे आहेस. आता ब्लाउज होत नाही. शिंप्याकडे दिला. तो म्हणाला, मॅडम, ह्यात सोडायला मायाच शिल्लक नाही. नवा शिवायला टाकला.

केसांना कलर केला. डब्यावर नॅचरल ब्राउन लिहिलं होतं. अंबूबाई दारातून बघून आत आलीच नाही, म्हणाली, कोन हाय?

आनंदचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी झगमगीत उजेडात जाऊ नको म्हणून सांगितलंय. सौमित्र म्हणाला, बाबा आत बसणार नाहीत, व्हरांड्यात बसतील, पाठ करून. म्हणजे साडी दिसणार नाही. काही हरकत नाही. ऐकायलाच तर येतोय.

रियाज रोज चालू आहे. रोज म्हणजे जमेल तेव्हा, पण जमेल तेव्हा तीन-तीन तास.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३.
साउंडचेक होऊन गेला. मला बोलावलं नाही. सौमित्र म्हणाला, तुम्ही आराम करा, फक्त साडेसहाला या. मुख्य कलाकार शेवटीच येतात.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०.
लिहायलाच हवं. खरं लिहायचं ठरवलं होतं.

हॉल भरला होता. पुण्याहून पोरंपोरी आली होती, काळे कपडे, गळ्यात चमकणाऱ्या कांड्या. माझ्या स्टँडभोवती गुलाबी ट्यूब लावली होती. सईने माझी ओळख करून दिली, दिस इज सुलक्षणा मावशी, ओरिजिनल एटी-सेव्हन. पोरं किंचाळली. शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मला बघून कोणी असं किंचाळलं नव्हतं. म्हणजे या अर्थाने नाही.

कीबोर्डचा लाल दिवा दिसत नव्हता. वाटलं, एवढ्या उजेडात कसा दिसणार.

आनंदचा तुकडा सुरू झाला. मी वाजवत होते. इअरफोन नव्हता, तरी सगळं जुळत होतं, एकदाही पुढेमागे नाही. मनात म्हटलं, बघा, शेवटी तेच आले माझ्या तालावर. मधे एक जागा आहे, सूर वर जातो आणि लगेच उतरतो, तिथे माझं चौथं बोट घसरतं. कालही घसरलं. शेजारची पट्टी दाबली गेली.

बाहेर आला तो बरोबर सूर.

मला वाटलं, चुकून बरोबर लागली. पुढच्या वेळी मुद्दाम भलतीच दाबली. बरोबर सूर. मग दोन्ही हात उचलले. गाणं चालू राहिलं. माझा कीबोर्ड, माझेच सूर, थंडीत आठ-आठ सेकंद धरलेले, एकेक करून, माझ्याशिवाय. वाकून बघितलं. वायर गुंडाळून, रबर लावून, स्टँडच्या पायाशी नीट ठेवलेली होती. प्लग लावलेलाच नव्हता.

सौमित्रने माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉपवरचे हात तसेच ठेवून त्याने मान हलवली, माफी मागितल्यासारखी. मग त्याची मान जरा डावीकडे कलली. मी हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले आणि शेवटपर्यंत वाजवलं. समोर एवढी मुलं होती.

नंतर व्हरांड्यात गेले. आनंद खुर्चीवर होता, भिंतीकडे तोंड करून, काळा चष्मा. शेजारी प्रेरणा, त्याची बायको. तिने उठून मला खुर्ची दिली आणि म्हणाली, सुलक्षणाताई, बसा, दमला असाल. चांगली आहे. मला ती चांगली नसायला हवी होती.

आनंद म्हणाला, सुलू ना? पावलांवरून ओळखलं. सदतीस वर्षांनी. म्हणाला, काय वाजवलंस गं. हात अगदी तसाच आहे. मी डोळे मिटून बसलो होतो.

सौमित्र मागे येऊन उभा होता. त्याने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

मग आनंद म्हणाला, एक सांगू? रागावू नकोस. ती मधली जागा आहे ना, सूर वर जाऊन उतरतो ती, तिथे तू हमखास चुकायचीस. मी तुला कधी बोललो नाही. गिटार धरून त्या चुकीची वाट बघायचो. आज पण बघत होतो. आज नाही चुकलीस. सुधारलीस तू.

प्रेरणा हसली. म्हणाली, अहो, कौतुक करताय की काय.

मी म्हटलं, थँक यू.

एवढंच म्हटलं. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये होते, दुसरं काय सुचणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
कुमार सकाळी टेम्पोने कीबोर्ड पोचवून गेला. बँड मार्चमध्ये बंगळूरला जाणार आहे. लॅपटॉपच नेतील, सोयीचं पडतं. सौमित्रने चिठ्ठी दिली आहे. अजून उघडली नाही. मुलगा चांगला आहे, काय लिहिलं असेल ते माहीत आहे.

कीबोर्ड जागेवर ठेवला. प्लग लावला. लाल दिवा लागला. तो तुकडा वाजवला, सावकाश, कोणाच्याही क्लिकशिवाय. त्या जागी आले. चुकले.

अंबूबाई फरशी पुसत होती. वर न बघता म्हणाली, बाई, हितं रोज चुकतंय बगा तुमचं.

म्हटलं, तुला कळतं?

ती म्हणाली, न कळाया काय झालं, दोन म्हैनं ऐकत्येय. येवडं नीट करून घ्या की.

मी म्हटलं, राहू दे.