चौदा पानं आणि बावीस घरं

३ फेब्रुवारी, सोमवार

रोइंग क्लबचे कोच घरी येऊन गेले. गळ्यात शिट्टी होती. बहुधा झोपतानाही असते. म्हणाले, मुलांचा सीझन २३ मार्चला उघडतोय, पालकांची तयारी करून घ्यायचं काम सहा वर्षं वहिनी करायच्या, यंदा ते दातांच्या डॉक्टरबाईंना सांगतो, तुम्ही त्रास घेऊ नका. मी म्हणालो, त्रास कसला, मीच करतो. कोचांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने फ्रिजकडे पाहिलं.

बायको जाऊन चार महिने झाले. लोकांना वाटतं मी खचलोय. मी खचलेलो नाही. मी आधीपासूनच कमी बोलतो.

घरं बावीस. प्रत्येक घराचा सही केलेला अर्ज १६ मार्चपर्यंत हवा. क्लबचा नियम असा की बोटीतल्या एका जरी मुलाचा कागद नसेल तर ती बोट पाण्यात जात नाही. लेकीच्या बोटीत वल्हवणारी आठ मुलं आणि नववी ती. ती कॉक्स आहे. म्हणजे वल्हवत नाही, मागे बसून सुकाणू धरते आणि बाकी आठ जणांना हुकूम सोडते. आईवर गेली आहे.

एका घराच्या ढिलाईपायी नऊ मुलं काठावर बसणार. माझ्या देखत हे होणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायकोची फाइल काढली. आत एकच कागद. सहा वर्षं हाच वाटत होती. नमुना: "मोजे दोन जोड. एक आपल्या मुलासाठी, एक विसरलेल्याच्या मुलासाठी." विसरणाऱ्यांना हे सरळ उत्तेजन आहे. "टॉवेल, सुका. पालकांनी सोबत धीर आणावा." धीर किती, कशात घालून, काही उल्लेख नाही.

मग एवढी माणसं जमवायची कशी? फोनवर. बटाटे सोलता सोलता फोन खांद्याने कानाशी धरून तासन् तास बोलायची. मी तसं करणार नाही. मी लिफ्ट तपासनीस आहे. लिफ्ट यादीवर चालते, गप्पांवर नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पालक मार्गदर्शिका पूर्ण. पानं चौदा, कलमं एकतीस. कलम चार: काठावरून ओरडण्याचे नियम. आपल्या मुलाचं नाव घेऊन ओरडू नये. सल्ला ओरडू नये. मोज्यांचा उल्लेख तीन ठिकाणी. विसरलेल्याच्या मुलाचं वाक्य काढून टाकलं.

अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या सक्तीच्या केल्या. गेल्या वर्षी एका घरी वडिलांनी परस्पर सही केली आणि आईला पोराची बोट उलटल्यावरच कळलं की पोरगा बोटीत बसतो. ठळक अक्षरांत लिहिलं: एक सही असलेला अर्ज बाद. अपवाद नाही.

अर्ज मुलांच्या हाती पाठवायचा नाही. शेवटच्या पानावरच्या नंबरवर फोन करून वेळ ठरवायची आणि प्रत्यक्ष द्यायचा. लोकांनी मला फोन करावा. मी कुणाला करणार नाही. यात फरक आहे.

शेवटचं पान तिच्याच कागदावरून घेतलं. "काहीही अडचण आली तर मला फोन करा, कधीही" वगैरे. एवढा मजकूर बरा होता.

लेकीने सगळं वाचलं. विचारलं, अपवाद नाही म्हणजे अजिबातच नाही का? मी म्हणालो, अजिबातच नाही. मग म्हणाली, बाबा, शेवटचं पान नीट बघितलंत का? मी म्हणालो, मी लिहिलेलं मी बघितलेलंच असतं. खोलीत निघून गेली. पंधराव्या वर्षी शिस्तीची चीड येतेच.

बायकोचा फोन चार्ज केला. दर रविवारी करतो. न वापरता बॅटरी बिघडते म्हणून. बाकी काही नाही. आवाज बंद करून परत झाकणांच्या ड्रॉवरमध्ये, पालथा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बावीस प्रती मुलांबरोबर सगळ्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत फोन आला फक्त मेहुणीचा. तिला कुणीतरी एक प्रत दाखवली. म्हणाली, भावोजी, चौदा पानं? आमच्या ताईला होकार देताना दोन शब्द बोलला होतात, त्यातला एक "बरं" होता. मी म्हणालो, तेव्हा विषय सोपा होता. ती मग उगाचच हवापाण्याचं बोलली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज शून्य. फोन शून्य. याचा अर्थ लोक सावकाश वाचताहेत. उथळ मजकूर असता तर लगेच उत्तरं आली असती.

२४ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ४.४५

आजपासून रोज या वेळी उठणार. सीझनमध्ये मुलांना साडेपाचला पाण्यावर पोचवायचं असतं. घरच्यांना आतापासून सवय हवी (कलम सात). सांगणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं. आज पहिल्याच फटक्यात जमलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.२०

गजर नीट वाजला नसावा. लेक सरावाला सायकलवर गेली. ओट्यावर झाकून ठेवलेला टोस्ट आणि चिठ्ठी: "कलम सात मी पाळलं." टोस्ट गार झाला होता. खाल्ला.

२ मार्च, रविवार

क्लबच्या बोटी ठेवायच्या शेडमध्ये पालकसभा. खुर्च्या चव्वेचाळीस मांडल्या. तीन माणसं आली. त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता, पण शेवटपर्यंत बसला आणि त्याने प्रश्नही विचारले. उरलेले दोघे म्हणजे दातांच्या डॉक्टरबाई आणि बेकरीवाले.

लाइफ जॅकेट घालण्याचं प्रात्यक्षिक केलं. अकरा सेकंदांत घातलं. काढण्याचं प्रात्यक्षिक वेळेअभावी राहिलं. बकल परदेशी बनावटीचं आहे.

बेकरीवाल्यांनी विचारलं, बायको आणि मी दोन वर्षं वेगळे राहतो, बोलणंही नाही, माझी एक सही चालेल ना? मी कलम दाखवलं. म्हणाले, साहेब, तुम्ही सुद्धा? या "सुद्धा"चा अर्थ कळला नाही. वर म्हणाले, किती वेळा फोन केला, तुम्ही उचलतच नाही. मी म्हणालो, माझा फोन चोवीस तास चालू असतो आणि गेल्या महिन्यात फक्त मेहुणीच्या नावाने वाजला आहे. त्यांच्या फोनमध्ये बिघाड असणार. डॉक्टरबाई काही बोलणार होत्या. मी सभा संपल्याचं जाहीर केलं.

जॅकेट घालूनच गाडी चालवत घरी आलो. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं बाळ माझ्याकडे बघून रडलं. लेकीने दोन बोटांनी बकल सोडवलं. हसूही नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१० मार्च, सोमवार

अर्ज दोन. डॉक्टरबाई स्वतः ऑफिसात आणून देऊन गेल्या, स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा. कोच म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, काम त्यांना देऊ या. मी म्हणालो, मी आजवर एकही लिफ्ट मधल्या मजल्यावर सोडून आलेलो नाही. कोच म्हणाले, लिफ्ट नाही हो ही, माणसं आहेत. हा काय मुद्दा झाला? लिफ्टमध्येही माणसंच असतात.

अंतिम स्मरणपत्र लिहिलं. पानं तीन. शेवटचं वाक्य: "बेजबाबदार घरांमुळे नऊ मुलं काठावर बसली, तर त्या घरांनी मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवून दाखवावा." कडक आहे. असायलाच हवं.

१६ मार्च, रविवार

शेवटचा दिवस. अर्ज दोनच. दुपारी तिचा फोन चार्जिंगला लावायला काढला. हात चुकून बटणाला लागला आणि स्क्रीन उजळली.

न उचललेले फोन एकशे सत्तेचाळीस.

शेवटच्या पानावरचा नंबर तिचा आहे. तळाचा मजकूर घेतला, नंबरही आला. स्मरणपत्रावर पण तोच.

निरोप वाचले. पहिला, अर्ज कधी आणून देऊ? दुसरा, कलम अकरा आणि कलम वीस एकमेकांच्या विरुद्ध आहेत. (आहेत.) मग, आमच्या हिची सही आहे पण ती रात्रपाळीला, तुमच्याकडे कधी पाठवू? बेकरीवाल्यांचा: "हा नंबर वहिनींचा आहे हे माहीत आहे. तरी लावतो. लागतो, वाजतो, बरं वाटतं."

लेकीचा एक. १३ फेब्रुवारी. "आई, बाबांनी तुझा नंबर छापलाय. सांगायला गेले तर ऐकून घेत नाहीत. जाऊ दे ना? निदान कोणीतरी तुला फोन करेल."

ओट्यापाशी उभा राहिलो. मग कोचांना फोन करून गुरुवारपर्यंत मुदत मागितली. त्यांनी नुसतं "हो" म्हटलं.

१७ मार्च, सोमवार

रजा टाकली. वीस वर्षांतली दुसरी.

तिच्याच फोनवरून फोन करायला घेतले. माझ्याकडे नंबर नव्हते. तिने लोकांची नावं लिहिलीच नव्हती. "दात." "पाव." "घाबरट बाबा." "ज्याची बोट उलटली त्याची आई." माझं नाव शोधून सापडेना. शेवटी माझा नंबर टाकून पाहिला. मी "लिफ्ट बंद" होतो.

स्क्रीनवर तिचा नंबर दिसत असल्याने पलीकडे प्रत्येक जण उचलून आधी गप्प राहतो. मीही गप्प राहतो. मग एक जण "हॅलो" म्हणतो. बहुतेक वेळा ते. दुपारनंतर दोनदा मी.

घाबरट बाबा अठ्ठावीस मिनिटं बोलले. पोरगी पाण्यात पडली तर, हा एकच विषय. मार्गदर्शिकेचं कलम नऊ वाचून दाखवलं. उपयोग झाला नाही. मग म्हणालो, मलाही भीती वाटते. लगेच म्हणाले, ठीक आहे, करतो सही. याचं कारण अजून कळलेलं नाही.

बटाटे पाच सोललेले निघाले. कुणी सोलले, लक्षात नाही.

२० मार्च, गुरुवार

अर्ज एकवीस! सगळ्यांवर दोन सह्या. पद्धत अखेर यशस्वी.

बेकरीवाले आणि त्यांच्या बाई एकत्र आले. दोन वर्षांनी पहिल्यांदा एका टेबलाशी उभे होते. पेन एकच होतं, त्यावरूनही वाद झाला. पण मग बाई म्हणाल्या, तुमच्या त्या कलमापायी याला मला फोन करावा लागला, आता मी काठावर येणार आणि नाव घेऊनच ओरडणार, कलम चारला सांगा काय ते. मी ऐकून घेतलं. लोक नियम पाळायला लागले की थोडी मुजोरी येतेच.

२१ मार्च, शुक्रवार

क्लबमध्ये कोचांनी अर्ज मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीस. बोटींच्या यादीवर बोट फिरवून म्हणाले, एक राहिलाय, आठ जणांच्या बोटीतला.

मी म्हणालो, कोणाचं घर आहे हे? एवढे फोन, एवढी पत्रं. अशांना सरळ बाहेर ठेवायला हवं.

कोचांनी शिट्टी हातात घेतली. वाजवली नाही. दातांच्या डॉक्टरबाई वल्ही पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या.

घरी आलो. अर्ज माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होता. चाळीस दिवस तिथेच होता. पहिली सही माझी, ९ फेब्रुवारीची.

२२ मार्च, शनिवार. सकाळी

कोचांचा फोन. म्हणाले, एक सही पुरे, वेडेपणा करू नका. मी म्हणालो, नाही. नियम मी केलाय. बेकरीवाल्याला नाही सोडलं, मला का सोडायचं? फोन ठेवला.

लेक समोर बसली होती. म्हणाली, बाबा, उद्या बाकीचे आठ जण काठावर बसले तर मी त्यांना काय सांगू? मी म्हणालो, नियम. म्हणाली, आणि मी काठावर बसले तर? मग माझ्याकडे बघायला लागली. डोळ्याला डोळा भिडवायचं ते वाक्य माझंच होतं.

अर्ज काढला. आईची सही, हा रकाना. मी दोन मिलिमीटरच्या फरकावर लिफ्ट नापास करतो. रिकाम्या रकान्यात काय करायचं असतं ते मला माहीत आहे. रेघ मारायची असते. पट्टी घेतली. लेकीने पट्टीचं दुसरं टोक धरलं.

रेघ वाकडी आली. चालेल असं लेक म्हणाली.

मार्गदर्शिकेत दुरुस्ती: "अपवाद नाही" खोडून "अपवाद एक".

२३ मार्च, रविवार. सकाळी ९

बोट पाण्यात गेली. नऊच्या नऊ.

ओरडलो नाही. एकदाच ओरडलो. नाव घेऊन. बेकरीवाल्यांच्या बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, कलम चार.

बोट परत आल्यावर लेक गुडघाभर पाण्यात उतरली. पाय भिजले. मी बॅग उघडली. टॉवेल होता, सुका. लाइफ जॅकेट होतं. मार्गदर्शिकेच्या सहा प्रती होत्या. मोजे नव्हते.

चौदा पानांत तीन ठिकाणी लिहिलं होतं.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या पिशवीतून एक जोड काढून दिला. लेकीने तिथेच चिखलात बसून घातला. मी म्हणालो, तुम्ही दोन जोड कसे आणले, मार्गदर्शिकेत तर एकच लिहिलाय. म्हणाल्या, तुमची मार्गदर्शिका मी वाचलीच नाही. जुना कागद फ्रिजवर लावलेला आहे, त्याच्यावरूनच भरते पिशवी.