यादीत राजूर नव्हतं

केडगाव, बुधवार, जून १९९९

उद्या संस्थेच्या साहेबांना प्रवेशाचा फॉर्म ब्राउझरवर दाखवायचाय आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. फॉर्म उघडला की सर्व्हरची दमछाक व्हायची, कारण गाव निवडायची यादी तो प्रत्येक वेळी जिल्ह्यातली सगळी गावं गोळा करून नव्याने बनवायचा. म्हणून दुपारी चिडून मी यादीत फक्त तालुक्याची ठिकाणं ठेवली. फॉर्म झटकन आला. मी खूश!

आमच्या ऑपरेटर सुशीलाताईंनी माऊसने यादी वरखाली केली.

"मॅडम, आमचं राजूर न्हाई व्हय ह्यात?"

"तुमचा तालुका अकोले ना? तेच निवडा."

"अकोल्यात कुठं ऱ्हातो आमी?"

राग आला. त्यांचा की माझा? गावं काय रोज बदलतात? मग यादी दर वेळी कशाला बनवायची? एकदाच बनवून तयार ठेवली, की सर्व्हरने नुसती उचलून द्यायची. हे सुचायच्या आधी मी गावंच छाटून बसले!

संध्याकाळी सगळी गावं परत घालून यादी एकदाच बनवून ठेवली. फॉर्म तितक्याच झटकन आला. सुशीलाताईंनी आधी राजूर शोधलं, मग शेजारची गावं.

आणि मी? माझं मिरजगावही यादीतून गेलं होतं. दुपारभर लक्षातसुद्धा आलं नाही.